गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि शिरोडकरांचा टाका

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत राम घाट, उज्जैन येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीच्या प्राध्यापकाला शताब्दीच्या व्याख्यानमालेत बोलावले, की तो संतवाङ्मयावर बोलेल, शिंदेशाहीतील माळव्यावर बोलेल, फार तर कालिदासाच्या मराठी अनुवादांवर बोलेल, अशी अपेक्षा असते. कार्यकारी मंडळाचीही तीच होती. परंतु ग्रंथालयाच्या महिला वाचक मंडळाने लेखी मागणी केली, की ज्या दुखण्याविषयी घरात बोलता येत नाही आणि दवाखान्यात विचारता येत नाही, त्यावर मराठीतून कोणीतरी नीट बोलावे. आणि बोलणारा वैद्य नसला तर अधिक बरे, कारण वैद्याची भाषा पुन्हा कोणाकडून तरी समजून घ्यावी लागते. ही मागणी मला फार मोलाची वाटली. मी भाषेचा शिक्षक आहे, म्हणून शब्दापासूनच आरंभ करतो.

प्राचीन ग्रीक वैद्यांना या गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या नांग्यांसारख्या दिसल्या, आणि त्यांनी रोगाला खेकड्याचे नाव दिले. ते लॅटिनात गेले, इंग्रजीत आले, आणि त्याच खेकड्याला आपण ‘कर्क’ करून ‘कर्करोग’ हा शब्द घडविला. सुश्रुतसंहितेचा ‘अर्बुद’ हा आपला जुना शब्द मागे पडला. उज्जयिनीला तर ‘कर्क’ शब्दाचे अप्रूप असण्याचे कारण नाही. कर्कवृत्त आपल्या नगरीच्या थोडे उत्तरेकडून जाते आणि क्षिप्रेच्या काठी कर्कराजाचे मंदिरच आहे. पण हा आकाशातला कर्क आपण सहज उच्चारतो, देहातला उच्चारत नाही. अजूनही आपल्या घरांतून ‘तो रोग’ किंवा ‘मोठे दुखणे’ असेच म्हणतात.

रोग गर्भाशयमुखाचा असला, म्हणजे मौन दुप्पट होते. ‘अंगावरून जाते’ हा आपल्या आयाबायांचा शब्दप्रयोग पाहा. काय जाते, पांढरे की तांबडे, केव्हा जाते, पाळीच्या मध्येच की संबंधानंतर की पाळी कायमची गेल्यावर, या सगळ्या प्रश्नांवर त्या दोन शब्दांनी पदर ओढलेला असतो. वैद्यकाच्या दृष्टीने नेमके हे प्रश्नच महत्त्वाचे. आणि गर्भाशयाला आपण ‘पिशवी’ म्हणतो. पिशवी म्हटले, की ती रिकामी झाल्यावर टाकून द्यायची वस्तू होते. या शब्दाने किती अनर्थ केला आहे, त्याकडे मी पुढे येणारच आहे.

प्रथम रचना समजून घेऊ. गर्भाशय हे उलट्या धरलेल्या पेरूसारखे असते. त्याचा खालचा अरुंद भाग, सुमारे तीन सेंटीमीटर लांबीचा, तो गर्भाशयमुख. त्याच्या आतल्या बाजूस उभट, नाजूक पेशींचे अस्तर आणि बाहेरच्या बाजूस चपट्या, थरावर थर रचलेल्या पेशींचे. या दोन पेशीजातींची जेथे शीव लागते, तेथे वयात येताना आणि गरोदरपणात सतत घडामोड चालू असते, एका जातीची जागा दुसरी घेत असते. गावांच्या शिवेवर तंटे अधिक, तसेच येथेही. हा कर्करोग बहुधा या शिवेवरच जन्म घेतो.

तो कशाने होतो? १८४२ साली व्हेरोना येथील रिगोनी-स्टर्न या वैद्याने मृत्यूच्या नोंदी चाळल्या, तेव्हा हा रोग विवाहितांत दिसतो आणि ख्रिस्ती जोगिणींत क्वचितच, असे त्याच्या लक्षात आले. म्हणजे समागमाशी त्याचा काही संबंध असावा, हा तर्क जुना आहे. पुरावा मात्र मिळाला तो १९८३ आणि १९८४ साली, जेव्हा जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार या कर्करोगातून वेगळे केले. जगातील अशा सुमारे सत्तर टक्के कर्करोगांमागे हे दोनच प्रकार आहेत. २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. हा विषाणू अतिशय सामान्य आहे. वैवाहिक जीवन जगणाऱ्या बहुसंख्य स्त्रीपुरुषांना तो कधी ना कधी गाठतोच, आणि बहुतेकींच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. त्यामुळे या रोगावरून कोणाही स्त्रीच्या शीलाची चर्चा करणे हे अज्ञान आहे, आणि त्यात दुष्टपणाही आहे. थोड्याच स्त्रियांत विषाणू मुक्काम ठोकतो. पेशीच्या आत दोन प्रथिने राखण करीत असतात. एक पेशीविभाजनाचा लगाम धरून बसते. दुसरे, जनुकांत बिघाड झालेला दिसला, तर पेशीला थांबवते, प्रसंगी तिला मरायला लावते. विषाणूचे ‘ई-७’ हे प्रथिन पहिल्याच्या हातून लगाम सोडविते आणि ‘ई-६’ दुसऱ्याचा नाशच घडवून आणते. मग पेशी वाढत राहते, चुका साठत राहतात. पण हे सर्व एका रात्रीत होत नाही. पूर्वावस्थेपासून खऱ्या कर्करोगापर्यंत बहुधा दहा-वीस वर्षे जातात. इतकी सवड देणारे कर्करोग फार थोडे, आणि ही सवड आपण वाया घालवतो. भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा रोग झाल्याचे आढळते आणि पाऊण लाखाहून अधिक त्याने मरण पावतात.

या पेशींच्या अभ्यासाचा एक धागा थेट पुण्याशी जोडलेला आहे, आणि तो आपल्या वाचकांना ठाऊक असावा. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ या हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. विवाहानंतर त्या कमल रणदिवे झाल्या. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले, १९४९ साली डॉक्टरेट मिळविली, आणि पुढे ऊतिसंवर्धन म्हणजे शरीराबाहेर जिवंत पेशी वाढविण्याचे तंत्र शिकण्यासाठी त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. परतल्यावर खानोलकरांनी उभारलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा सुरू केली. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापण्यात त्या अग्रभागी होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्याविषयी एखादा धडा असावयास हवा होता. असो.

जॉर्ज गाय यांचे नाव जगभर झाले ते ज्या पेशींमुळे, त्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्याच होत्या. १९५१ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय, पाच मुलांच्या आईवर उपचार झाले. त्यांच्या गाठीचा तुकडा त्यांना न विचारता काढण्यात आला आणि गाय यांच्या प्रयोगशाळेत तो वाढू लागला. मानवी पेशी शरीराबाहेर अखंड वाढत राहण्याचे ते पहिले उदाहरण. ‘हेला’ या नावाने त्या पेशी आजही जगभर वाढत आहेत. पोलिओच्या लशीची परीक्षा त्यांच्यावर झाली, आणि १८ क्रमांकाचा विषाणू त्यांच्यातही सापडला. त्या बाई मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या ३१ व्या वर्षी वारल्या. २०२३ साली त्यांच्या वारसांशी एका मोठ्या कंपनीने तडजोड केली, हे आपण वृत्तपत्रांत वाचले असेल. पण रेबेका स्क्लूट यांच्या २०१० सालच्या पुस्तकात रुग्णालयाच्या कागदपत्रांतील एक नोंद आली आहे, तिच्याकडे मला लक्ष वेधायचे आहे. या उपचाराने यापुढे मूल होणार नाही, हे हेन्रिएटांना उपचार होऊन गेल्यावर कळले. आधी सांगितले असते तर आपण उपचार घेतलेच नसते, असे त्या म्हणाल्या. त्यांचा तो निर्णय शहाणपणाचा ठरला असता की नाही, हा वाद वेगळा. त्यांना विचारलेच गेले नाही, हे खरे.

आपल्या देशात, आणि या घाटावर तर विशेषच, हा प्रश्न किती खोल जातो ते सांगावयास नको. येथून थोड्या अंतरावर भैरवगडाजवळ सिद्धवट आहे. संतती, संपत्ती आणि सद्गती या तिन्हींसाठी लोक तेथे जातात, आणि या तिघींत संततीचे नाव पहिले घेतले जाते. क्षिप्रेत दिवे सोडणाऱ्या सासुरवाशिणींचे मागणे काय असते, ते आपण सारे जाणतो. ‘कूस उजवणे’ या शब्दाइतका सुंदर शब्द मराठीत क्वचितच असेल; आणि ज्या स्त्रीची कूस उजवत नाही तिच्यासाठी जो शब्द आहे, त्याइतका क्रूरही क्वचित. अशा समाजात अठ्ठावीस-तीस वर्षांच्या, मूल नसलेल्या स्त्रीला कर्करोगाचे निदान होते, तेव्हा तिच्यापुढे दोन मृत्यू उभे राहतात. तिने दुसऱ्याच्या भयाने उपचार टाळले, तर पहिला निश्चित होतो.

शल्यविद्येचा इतिहास या बाबतीत दीर्घकाळ कठोर होता. व्हिएन्नात अर्न्स्ट वेर्टहाइम यांनी १८९८ पासून पोट उघडून आणि फ्रीडरिख शाउटा यांनी १९०१ पासून योनिमार्गाने, गर्भाशय आणि त्याच्या दोहों बाजूंची ऊती समूळ काढण्याच्या शस्त्रक्रिया रूढ केल्या. शाउटांच्या शस्त्रक्रियेत कलकत्त्याचे डॉ. सुबोध मित्र यांनी लसिका ग्रंथी काढण्याची जोड दिली. प्राण वाचविणे हाच एक हेतू, आणि त्या काळी तो योग्यच होता. परंतु या रोगाची एक चाल हळूहळू लक्षात आली. तो पसरतो बहुधा आडवा, बाजूच्या ऊतींत आणि लसिका ग्रंथींकडे. वर, गर्भाशयाच्या घुमटाकडे तो आरंभी सहसा चढत नाही. मग गाठ लहान असताना खालचे मुख आणि बाजूची ऊती काढून वरचा घुमट ठेवता येणार नाही काय? रुमानियातील युजेन अबुरेल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास तसे प्रयत्न केले होते. त्याला रूढ स्वरूप दिले फ्रान्समधील ल्यों येथील डॅनियल दार्जां यांनी. १९८७ साली त्यांनी शाउटांच्याच मार्गाने, पण गर्भाशय राखून शस्त्रक्रिया केली आणि १९९४ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले.

आता येथे अडचण अशी, की गर्भाशयमुख हे गर्भाची कडी आहे. नऊ महिने ते घट्ट मिटून राहते म्हणून गर्भ आत राहतो. ते काढून टाकल्यावर गर्भ धरणार कसा? याचे उत्तर ल्योंच्या फार आधी मुंबईत तयार झाले होते.

गोव्यातील शिरोडे गावी १८९९ साली जन्मलेले विठ्ठल नागेश शिरोडकर हे मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि पुढे तेथेच प्राध्यापक झाले. काही स्त्रियांचा गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात, कळा न येता, अचानक गळून पडतो. पुन्हा दिवस राहतात, पुन्हा तेच. नशिबाला बोल लावला जाई, नवस बोलले जात. शिरोडकरांनी ओळखले, की यातील कित्येकींचे गर्भाशयमुखच सैल आहे आणि वाढत्या गर्भाचा भार ते पेलू शकत नाही. त्यांनी मांडीच्या स्नायूंवरील चिवट पडद्याची पट्टी काढून ती गर्भाशयमुखाभोवती, आतल्या तोंडाच्या पातळीवर, बटव्याच्या नाडीसारखी आवळली. १९५५ साली त्यांनी हे तंत्र प्रसिद्ध केले. पुढे पट्टीच्या जागी कृत्रिम धाग्याची फीत आली. नाव ‘शिरोडकर टाका’ असेच राहिले, आणि ते आज जगातल्या कोणत्याही प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकात आढळते. १९७१ साली ते निवर्तले. एका गोमंतकीय माणसाचे नाव सर्व भाषांतील शल्यगृहांत उच्चारले जाते, याचा अभिमान आपण मराठी लोक फारसा मिरवीत नाही. कदाचित स्त्रियांच्या अशा दुखण्याशी जोडलेले नाव मिरवायचे कसे, असा संकोच असेल.

दार्जां यांच्या शस्त्रक्रियेत याच तत्त्वाचा टाका उपयोगी पडला. क्रम थोडक्यात असा. प्रथम लसिका ग्रंथी काढून तपासतात. त्यांत रोग आढळला तर हा मार्ग सोडावा लागतो. त्या निर्मळ असल्या, तर गर्भाशयमुख, बाजूची ऊती आणि योनिमार्गाचा वरचा थोडा भाग काढतात. कापलेल्या कडेवर रोग नाही याची खात्री करून घेतात. मग उरलेल्या गर्भाशयाच्या खालच्या कडेभोवती न विरघळणारा धागा आवळून ती कड योनिमार्गाला जोडतात. तो टाका कायमचा असतो, म्हणून पुढे बाळंतपण सिझेरियननेच करावे लागते.

हा मार्ग कोणासाठी? गाठ सर्वसाधारणपणे दोन सेंटीमीटरपर्यंतची, लसिका ग्रंथी मोकळ्या, पेशींचा प्रकार फार उग्र नाही, आणि मूल हवे अशी स्त्रीची स्वतःची इच्छा. रोग याहूनही आरंभीचा, केवळ सूक्ष्मदर्शकातून दिसणारा असेल, तर शंकूच्या आकाराचा तुकडा काढणेही पुरेसे ठरू शकते. योग्य निवड केलेल्या स्त्रियांत रोग परत येण्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, म्हणजे गर्भाशय काढल्यानंतर जेवढे, जवळपास तेवढेच. पण गोड चित्र रंगविणे मला मान्य नाही. पुढे मूल व्हावे म्हणून प्रयत्न करणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या किंवा त्याहून थोड्या अधिक स्त्रियांनाच दिवस राहतात. त्यांतही मधल्या महिन्यांतील गर्भपात आणि अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण यांचे प्रमाण नेहमीपेक्षा बरेच अधिक. शिवाय उपचारांची शास्त्रे बदलत राहतात. दुर्बिणीतून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियांचे निकाल पोट उघडून केलेल्यांपेक्षा वाईट येतात, असे २०१८ साली एका आंतरराष्ट्रीय परीक्षणात आढळले आणि पुष्कळ शल्यविशारदांना आपली पद्धत बदलावी लागली.

तरीही मुख्य अडचण वेगळीच आहे. दोन सेंटीमीटरच्या आत आपल्याकडे निदान होतेच कितीजणींचे? पुष्कळशा स्त्रिया येतात तेव्हा गाठ बाजूला पसरलेली असते, आणि मग शिरोडकर, दार्जां सारे हात टेकतात. किरणोपचार उरतात, आणि त्यांत गर्भाशय व बीजांडे दोन्ही निकामी होतात. म्हणून या शस्त्रक्रियेची गोष्ट वस्तुतः बार्शी आणि तुळजापूरच्या परिसरात सुरू होते.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, टाटा स्मारक रुग्णालय व आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेबरोबर, शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ४९७ गावांत तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. काही गावांत विषाणूची चाचणी, काहींत पेशींची, काहींत व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि काहींत केवळ नेहमीची व्यवस्था. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले. चाचणी न झालेल्या, जवळजवळ तेवढ्याच मोठ्या गटात ६४. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी सुमारे दीड लाख स्त्रियांचा असाच अभ्यास केला. तेथे बेताचे शिक्षण झालेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी आम्लाची तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ज्या गटांना तपासणीशिवाय ठेवले त्यांच्यावर अन्याय झाला, असा आक्षेप या अभ्यासांवर घेण्यात आला. तो मला बिनमहत्त्वाचा वाटत नाही. त्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या बायाबापड्यांनी जगाच्या ज्ञानात भर घातली. त्यांच्या लेकींना ती तपासणी विनासायास मिळते काय, हा हिशेब अजून बाकी आहे.

आणि याच मराठवाड्यात या रोगाच्या भयाचा उलटा वापरही झाला. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ साली उघडकीस आले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,००० हून अधिक स्त्रियांपैकी १३,००० हून अधिकांचे गर्भाशय काढलेले आढळले, त्यांत कित्येक चाळिशीच्या आतल्या. पाळीचे चार दिवस म्हणजे खाडे, खाड्याला दंड, हे एक कारण. आणि ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ ही खासगी दवाखान्यांतून घातलेली भीती, हे दुसरे. कशाचीही बायोप्सी नाही, चाचणी नाही. एकीकडे खरा कर्करोग असतानाही गर्भाशय राखण्यासाठी शल्यविशारद पराकाष्ठा करतात, आणि दुसरीकडे कर्करोगाच्या नुसत्या नावाने निरोगी गर्भाशय काढले जाते. ‘पिशवी’ या शब्दाविषयी मी आरंभी बोललो तो यासाठी.

भाषण येथे थांबवून मी श्रोत्यांकडे चिठ्ठ्या मागितल्या. ज्या आल्या, त्यांतील दोन येथे नोंदवितो.

एका भगिनीने नातीच्या लशीविषयी विचारले आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ या भारतीय लशीला २०२२ साली परवानगी मिळाली. परदेशी लशीही आहेत. विषाणूचा संपर्क येण्यापूर्वी, म्हणजे नऊ ते चौदा या वयात, ती दिलेली उत्तम. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकत नाही, कारण सर्वच प्रकारांना लस आवरत नाही. आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या आजीबाई, तपासणी आपण स्वतः कधी करून घेतली होती, हेही कृपया पाहावे.

दुसऱ्या चिठ्ठीवर नाव नाही. सून बत्तीस वर्षांची, मूल नाही, डॉक्टर पिशवी काढा म्हणतात, काय करावे? सल्ला देण्याचा मला अधिकार नाही, पण विचारायचे प्रश्न मी सांगू शकतो. बायोप्सी झाली आहे काय, आणि अहवालात पेशींचा प्रकार कोणता लिहिला आहे? गाठ किती सेंटीमीटरची, आणि एम.आर.आय.मध्ये ती वर किंवा बाजूला गेलेली दिसते काय? लसिका ग्रंथींचे काय? ही उत्तरे कागदावर घेऊन इंदूर, भोपाळ किंवा मुंबईच्या कर्करोग शल्यविशारदाचे दुसरे मत घ्यावे, आणि गर्भाशय राखणारी शस्त्रक्रिया आपल्या बाबतीत शक्य आहे काय, असे स्पष्ट शब्दांत विचारावे. यात महिने घालवू नयेत. आणि हे बोलणे चालू असताना सुनेला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवू नये. प्रश्न तिनेच विचारावेत.